शाकुहाची: जोडताना जोर नको, पुसताना पाणी नको

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत शाकुहाचीचे बरेच निघाले म्हणून अख्खं पान तिलाच दिलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शाकुहाची ही जपानची उभी धरून वाजवायची बासरी, मादाके नावाच्या बांबूच्या मुळाकडच्या भागापासून करतात, पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक, आणि वरचं टोक बाहेरच्या बाजूने तिरकं तासलेलं असतं, त्या धारेवर फुंकायचं. नेहमीच्या मापाची असते १ शाकू ८ सुन, म्हणजे साधारण ५४.५ सेंटीमीटर.

प्रश्न: ताई, माझी नवीन शाकुहाची दोन तुकड्यांत आली. जोडताना शेवटचे तीन-चार मिलिमीटर आतच जात नाहीत. दाबून बसवू का? आणि भोकं नक्की कुठल्या रेषेत ठेवायची?

दाबून नाही, हळूहळू फिरवून. आधी हात कुठे धरता ते बघा, बहुतेक जण एक हात वरच्या टोकाला धारेपाशी आणि दुसरा पार खाली मुळाच्या गाठीपाशी धरतात आणि मग वाकवत वाकवत ढकलतात, तिथेच सांधा चिरतो. दोन्ही हात सांध्याच्या जवळ आणा, दोन्ही तुकडे एका सरळ रेषेत धरा आणि थोडं थोडं डावी-उजवीकडे फिरवत आत सरकवा. काढतानाही तसंच, फिरवत सरळ ओढायचं, हलवून हलवून नाही.

एवढं करूनही अडलं तर तिथेच थांबा. बांबू दमट हवेत फुगतो, त्यामुळे प्रवासातून आलेली बासरी एक-दोन दिवस खोलीत तशीच पडू दे, पुष्कळदा आपोआप सुटते. तरी घट्टच असेल तर आत जाणाऱ्या भागावर मेणाचा खडा हलकासा फिरवा, नुसता ओझरता थर, आणि परत प्रयत्न करा. काचकागद अजिबात नाही हं. एकदा घासलेलं परत भरून येत नाही आणि मग उन्हाळ्यात तोच सांधा ढिला पडून तुम्ही मला दुसरं पत्र लिहिणार.

पण सांधा पूर्ण बंद व्हायलाच हवा. तीन-चार मिलिमीटर फट ठेवून वाजवलं तर आतल्या पोकळीत एक खाच तयार होते आणि काही सूर पोकळ, काही बेसूर लागतात. हा सांधा सूर जुळवायला नाहीच मुळी, ने-आण सोपी व्हावी म्हणून आहे. सूर चढवायचा-उतरवायचा तो मान आणि ओठांनी.

रेषेचं म्हणाल तर वरच्या तुकड्यावर पुढचं एक भोक आणि मागचं अंगठ्याचं असतं, खालच्या तुकड्यावर पुढची तीन. पुढची चारही भोकं एका ओळीत आली आणि ती ओळ वरच्या तासलेल्या धारेच्या बरोबर मध्यावर आली की झालं. वरच्या हाताची अनामिका (खालून मोजून) तिसऱ्या भोकावर नीट बसत नसेल तर खालचा तुकडा किंचित फिरवला तरी चालतं, नियम कुणी मोडला असं होत नाही, पण वरचं भोक धारेच्या मध्यरेषेतच ठेवा. जमलं की पेन्सिलीने सांध्यावर बारीकशी खूण करून ठेवा, रोज अंदाज करत बसायला नको.

प्रश्न: आमच्याकडे उलटं आहे, सांधा ढिला आहे. खालचा तुकडा वाजवता वाजवता फिरतो आणि सगळ्यात खालचा सूर धड लागत नाही. बासरीच खराब आली का?

आधी हवा गळते का ते बघा. सांध्याभोवती स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा आणि पाचही भोकं बंद करून खालचा सूर, ज्याला ‘रो’ म्हणतात, तो वाजवा. सूर एकदम सोपा आणि भरीव झाला तर गळती सांध्यातच होती. काहीच फरक नाही पडला तर सांध्याला सोडा, बोटं तपासा, बहुतेक वेळा अनामिका अर्धवट उचललेली असते आणि शिव्या बासरी खाते.

गळती असेल तर प्लॅस्टिकच्या बासरीला प्लंबर वापरतात ती पांढरी टेप एक वेढा पुरते. बांबूच्या बासरीला पातळ कागदाची पट्टी लावतात, पण सांध्यावर लाखेचा थर असेल तर स्वतः काही चिकटवण्याआधी बनवणाऱ्याला विचारलेलं बरं. आणि जाड थर देऊन घट्ट करू नका, बाहेरचा तुकडा आतून ताणला गेला की तो उभा चिरतो.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, नुकती सुरुवात केलीये. आठवडा झाला, नुसती हवा जातेय, आवाजच नाही. जोडण्यात काही चुकत असेल का?

नाही रे, जोडण्याचा काही संबंध नाही. सगळ्यांचं असंच होतं, आडवी बासरी येणाऱ्यांचंही. एक कर, खालचा तुकडा बाजूलाच ठेव. नुसता वरचा तुकडा घे, त्याची दोन्ही भोकं बंद कर, वरचं उघडं टोक हनुवटीला टेकवून बहुतेक झाक आणि बारीक फटीतून श्वास बरोबर त्या धारेवर सोड. छोट्या नळीत आवाज लवकर निघतो. आरशासमोर बस म्हणजे ओठांची फट मधोमध आहे की नाही ते दिसेल. जोरात फुंकू नकोस, चक्कर येईल, आणि आलीच तर खाली ठेवून दे. आवाज टिकायला लागला की मग खालचा तुकडा जोड.

प्रश्न: माझ्या बांबूच्या शाकुहाचीला बारीक उभी रेघ दिसतेय. ही तडा आहे का? आणि अशा तडा जाऊ नयेत म्हणून रोज तेल लावत होते, तरी का गेली?

नखाने आडवं चाचपून बघा, नख अडकलं तर तडा. नाहीतर बांबूच्या सालीवरची नैसर्गिक रेष असू शकते.

तेलाचा आणि तडेचा फारसा संबंध नाही हो. बांबूचे तंतू सगळे उभे धावतात, आणि हवा कोरडी झाली की तो आकसतो तो घेराने, लांबीने जवळजवळ नाहीच. एकसारखा आकसला तर काही बिघडत नाही. पण बाहेरची बाजू पटकन सुकली आणि आतली, जिथे तुमचा ओला श्वास रोज जातोय, ती तेवढी सुकली नाही की ताण येतो आणि तंतूंच्या मधून फाटतं. म्हणून हीटर चालू असलेली खोली, एसीचा थेट झोत, बंद गाडी, उन्हातली खिडकी ही खरी कारणं. हवेतली आर्द्रता ५०-६० टक्क्यांच्या आसपास असली की बांबू खूश असतो, पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती एकदम बदलू नये. म्हणूनच पुष्कळ जण वाजवून झालं की आतून पुसून, थोडा वेळ मोकळी ठेवून मग शाकुहाची प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात. ओली असताना मात्र पिशवीत कोंडू नका, बुरशी येते आणि तो वास काही केल्या जात नाही.

तडा असेलच तर आत्ता वाजवणं बंद करा, पिशवीत ठेवा आणि दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तो बांबूवर आडव्या बारीक खाचा पाडून त्यात दोरा घट्ट गुंडाळतो, तसे वेढे जुन्या बासऱ्यांवर दिसतात आणि त्या छान वाजतात. सुपरग्लू ओतू नका, नंतर दुरुस्त करणाऱ्याला आधी तो काढत बसावं लागतं.

आणि तेल: बाहेरून कधीतरी कापडाला थेंबभर लावून पुसलंत तर ठीक, तसं रोज हाताळून साल आपोआप चकचकीत होते. आतून लाखेचा थर असेल तर तेलाचा उपयोग शून्य. लाकडाच्या शाकुहाचीला आतून तेल लागू शकतं, तिथे बनवणारा सांगेल ते करा.

प्रश्न: रोजची साफसफाई नक्की किती करायची? धुतली तर चालते का?

प्लॅस्टिकची असेल तर खुशाल धुवा, कोमट पाणी आणि साधा साबण. खरं सांगू का, सुरुवातीला प्लॅस्टिकचीच बरी, तिला ना तडा ना बुरशी, सगळं लक्ष फुंकण्यावर राहतं.

बांबूची कधीच धुवायची नाही. कित्येक बासऱ्यांत आतून मातीसारख्या भुकटीत लाख मिसळून केलेला थर असतो, त्याला ‘जी’ म्हणतात, पोकळीचा आकार तोच ठरवतो. लाखेला कुठे बारीक चीर असली आणि पाणी आत शिरलं तर तो थर फुगतो किंवा सुटतो आणि मग सूरच बदलतात. रोजचं काम एवढंच की वाजवून झालं की दोन तुकडे वेगळे करा, वजन लावलेल्या दोरीचं मऊ कापड प्रत्येकातून एकदा ओढा आणि सांध्याचे दोन्ही भाग पुसा. कापड वरच्या धारेवर घासत जाणार नाही एवढं बघा, तिथे बहुधा म्हशीच्या शिंगाचा छोटा तुकडा बसवलेला असतो आणि त्याची कड बोथट झाली किंवा टवका गेला की आवाजच बिघडतो. टोपी मिळाली असेल तर घाला. वाजवण्याआधी चूळ भरा, गोड चहा पिऊन लगेच फुंकू नका.

रोज वाजवणारे काही जण तुकडे वेगळे न करता तशीच ठेवतात. मी नवशिक्यांना ते सांगत नाही, रात्रभर ओला सांधा फुगून अडकला की ओढाताण सुरू होते.

प्रश्न: हनुवटीला खाज येते, लाल चट्टे येतात. बासरीमुळे असेल का?

असू शकतं. जपानी लाख म्हणजे उरुशी, ज्या झाडापासून ती येते ते आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा उततो तसाच हा प्रकार. पूर्ण वाळलेली लाख सहसा त्रास देत नाही, पण नवीन किंवा नुकतीच दुरुस्त केलेली बासरी संवेदनशील त्वचेला देऊ शकते. वाजवणं थांबवा, चट्टे डॉक्टरांना दाखवा, बासरी काही आठवडे बाजूला ठेवा. परत तसंच झालं तर बनवणाऱ्याला सांगून हनुवटीकडच्या भागाचा थर बदलता येतो का ते विचारा.

प्रश्न: किंको आणि तोझान या शाकुहाची वाजवण्याच्या दोन परंपरांपैकी नवशिक्याने काय घ्यावं?

तुमचे गुरुजी जे शिकवतात ते. किंको हे नाव कुरोसावा किंको (१७१०-१७७१) यांच्यावरून पडलं, तोझान शाळा नाकाओ तोझान यांनी १८९६ मध्ये सुरू केली, दोन्हींची स्वरलिपी वेगळी आणि खरी अडचण तिथे येते. बासरीत दिसणारा फरक म्हणजे धारेवरच्या तुकड्याचा आकार, तोझानचा अर्धचंद्रासारखा आणि किंकोचा खाली निमुळता. एकीवर दुसरीचं वाजवता येतं, म्हणून हातात असलेली विकायची घाई करू नका.

प्रश्न: थंडीत सकाळी सूर उतरलेला लागतो, ट्यूनरवर दिसतं. सांधा अजून आत ढकलू का?

नको! आतली हवा थंड आहे म्हणून उतरलाय. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). बासरी दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरा, मग हळू, लांब श्वासांनी वाजवायला घ्या आणि ट्यूनर त्यानंतर लावा. हीटरवर किंवा हेअर ड्रायरने गरम करायची नाही, वर तडेच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंय ते वाचलंत ना.