न्यू जर्सीच्या पोस्टरवर 1807 हवंच

ताई, तुमच्या लेकीने शाळेच्या पोस्टरवर "न्यू जर्सीत बायकांना मताचा हक्क पहिल्यांदा 1920 मध्ये मिळाला" असं लिहिलंय आणि ते बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंत. त्यातला "पहिल्यांदा" तेवढा खोडायला सांगा. हा हक्क इथल्या काही बायकांना 1776 पासूनच होता, 1807 मध्ये तो काढून घेतला आणि 1920 मध्ये परत मिळाला. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये इतकी वर्षं राहून मलाही हे फार उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यू जर्सीची पहिली राज्यघटना 2 जुलै 1776 ची, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही दोन दिवस आधीची. तिच्यात मतदार म्हणजे "सर्व रहिवासी": सज्ञान, कौंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, वर्षभर राहिलेले आणि पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले. पुरुष असण्याची अटच नाही. हे नजरचुकीने राहून गेलं असं काही जण म्हणतात, पण 1790 च्या कायद्यात सात कौंट्यांपुरतं मतदाराबद्दल "तो किंवा ती" असं चक्क छापलंय, आणि 1797 मध्ये ते राज्यभर लागू झालं. नजरचूक दोनदा कायदा करून कोणी पक्की करत नाही.

मेख होती मालमत्तेत. लग्न झालं की बाईचं सगळं नवऱ्याचं होई, त्यामुळे मत देणाऱ्या बहुतेक विधवा किंवा अविवाहित. मालमत्ता असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीयही मत देत. फिलाडेल्फियातल्या अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयाने जुन्या मतदानाच्या याद्या हुडकून 2020 मध्ये प्रदर्शनात मांडल्या. त्यातल्या मॉन्टगोमेरी गावच्या 1801 च्या एकाच यादीत, पुरुषांच्या नावांबरोबर चाळीसहून अधिक बायकांची नावं आहेत. प्रत्येक नाव म्हणजे त्या दिवशी मतदानाला आलेली एक बाई.

मग हक्क गेला कसा? 1797 मध्ये एलिझाबेथटाउनच्या बायकांनी जॉन काँडिक्ट या उमेदवाराच्या विरोधात मतं टाकली आणि तो पडता पडता वाचला. पुढे 1807 च्या फेब्रुवारीत एसेक्स कौंटीचं कोर्ट कुठे बांधायचं यावर मतदान झालं, नेवार्क एका बाजूला आणि एलिझाबेथटाउन दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडून इतकी बोगस मतं पडली की निकालच रद्द करावा लागला. पुरुषांनी बायकी कपडे घालून पुन्हा मत दिल्याच्याही गोष्टी सांगितल्या गेल्या. आणि या सगळ्यावर उपाय काय, तर नोव्हेंबरमध्ये कायदा करून मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुष नागरिकांना! विधेयक मांडणारा कोण? तोच काँडिक्ट. कारण दिलं राज्याच्या "सुरक्षितता, शांतता, सुव्यवस्था आणि प्रतिष्ठे"चं. घोटाळा दोन गावांचा, शिक्षा बायकांना आणि कृष्णवर्णीयांना. हे वाचताना मला आजही संताप येतो.

पुढची वर्षं गप्प बसण्याची नव्हती. न्यू जर्सीतल्याच ऑरेंज गावी राहणाऱ्या, बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ल्यूसी स्टोनने 1857 मध्ये घरपट्टी भरायला नकार दिला. घर तिच्या नावावर होतं, मत मात्र नव्हतं. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, हे ज्या वाक्यावर अमेरिका उभी राहिली तेच तिने कर वसूल करणाऱ्याला लिहून कळवलं. तो कर वसूल करायला जानेवारी 1858 मध्ये तिच्या घरातल्या टेबल-खुर्च्यांचा लिलाव झाला. एका शेजाऱ्याने त्या विकत घेऊन तिला परत दिल्या. तुमच्या लेकीने पोस्टरवर एकच चित्र काढायचं असेल तर या लिलावाचं काढावं.

1868 च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या 172 बायकांनी स्वतःची वेगळी पेटी ठेवून मतदान केलं. ती मतं मोजणीत धरली नाहीत, तरी त्या आल्या.

1915 मध्ये बायकांना मत द्यावं का यावर राज्यात सार्वमत झालं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी प्रिन्स्टनला जाऊन बायकांच्या बाजूने मत दिलं, तरी प्रस्ताव पडला. अखेर फेब्रुवारी 1920 मध्ये बायकांना मताचा हक्क देणाऱ्या, अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या एकोणिसाव्या दुरुस्तीला मान्यता देणारं न्यू जर्सी 29 वं राज्य ठरलं, आणि ऑगस्टमध्ये ती देशभर लागू झाली. 1807 ते 1920, मध्ये 113 वर्षं गेली.

आणखी एक तारीख आपल्या मुलींनी जरूर लिहावी. भारतातून आलेल्यांना नागरिकत्व घेण्याची वाट कायद्याने 1946 मध्ये मोकळी झाली. म्हणजे 1920 नंतरही इथे आलेल्या भारतीय बाईला मत नव्हतंच.

पोस्टरवर जागा कमी पडली तर 1915 गाळलं तरी चालेल. 1807 मात्र ठेवा, आणि शक्य असेल तर लाल शाईने.