जिप्सीच्या मागच्या अ‍ॅक्सलला डिफ लॉकर घरी बसवता येतो का?

तुम्ही विचारलंय ते असं : जुनी जिप्सी, गाव पाटोद्याकडं, शेताच्या वाटेत दोन ओढे. ओढ्यात उतरताना मागचं एक चाक हवेत राहतं आणि फोर बाय फोर टाकूनही गाडी जागची हलत नाही. लॉकर घरी बसवावा की गॅरेजला द्यावी?

घरी बसतो. मी माझ्या जिप्सीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येच बसवला. त्यात एक चूकही केली, ती पुढं सांगतो.

ट्रॅक्टर चालवला असेल तर लॉकर म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच आहे. नांगरताना एक चाक घसरायला लागलं की पायानं डिफ लॉक दाबतो, तेच हे : दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि बरोबरच फिरतात. साधं डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गियरचा सेट (थोडक्यात डिफ), दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हवेतलं चाक फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच मिळत नाही. जिप्सीत पुढं आणि मागं दोन्हीकडं साधंच डिफ आहे. ओढ्याच्या काठावर गाडी तिरपी झाली, पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं, की बाकीची दोन नुसती बघत बसतात.

आता गाडी नेमकी कुठं अडकते ते महत्त्वाचं. मी अंबड तालुक्यातला, आमच्याकडं काळी माती. पावसात टायरच्या खाचा मातीनं भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोन्ही चाकं सारखीच घसरतात, तिथं लॉकर काय करणार? उलट दोन्ही चाकं मिळून खड्डा खणतात आणि गाडी हौसिंगवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचावर, बसते. लॉकर बसवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी असा बसलो आणि चुलत्यानं ट्रॅक्टर लावून ओढून काढली. वर दिवाळीपर्यंत ऐकावं लागलं ते वेगळंच. तुमच्या बालाघाटात मात्र दगड, मुरूम आणि ओढ्याचे काठ. चाक हवेत जातं ते अशाच ठिकाणी, आणि लॉकरचं खरं काम तिथंच आहे. तरी खर्च करण्याआधी एकदा टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणून तोच ओढा पार करून बघा. डांबरीवर येण्याआधी परत भरायची, हे विसरू नका.

लॉकर दोन जातीचे समजा. एक, ज्यात जुनं कॅरियर, म्हणजे डिफचे छोटे गियर धरणारं घर, तसंच राहतं, फक्त आतले स्पायडर गियर आणि साइड गियर काढून त्यांच्या जागी लॉकरचे तुकडे बसतात. हा आपोआप लागतो-सुटतो, आणि घरी करण्यासारखा हाच. दुसरा, अख्खं कॅरियरच बदलायचं. हवेवर चालणारे, बटणावर चालणारे बहुतेक याच प्रकारातले. तो उत्तम, पण त्यात क्राउन-पिनियनची, म्हणजे डिफ फिरवणाऱ्या मोठ्या-छोट्या गियरच्या जोडीची, सेटिंग नव्यानं करावी लागते, आणि हे काम डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) असलेल्या, हात बसलेल्या माणसाचं. तिसरा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच : स्पायडर गियरला वेल्डिंग मारून टाका. शेतातच राहणाऱ्या गाडीला ठीक. रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासणार आणि एक दिवस साइड शाफ्ट, म्हणजे डिफपासून चाकापर्यंत जाणारा दांडा, तुटणार.

लॉकरचा किट मागवण्याआधी साइड शाफ्टचे दाते मोजा, किट तेवढ्याच दात्यांचा हवा. जुन्या गाडीत कुणी काय बदललंय याचा भरवसा नसतो.

काम असं. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू उचलून चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) द्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. डिफचं तेल काढा. ड्रम काढा, ब्रेकची नळी सोडा, ब्रेक प्लेटचे चार नट काढून दोन्ही साइड शाफ्ट बाहेर ओढा. गंजलेले असतील तर स्लाइड हॅमर लागतोच, हातोड्यानं ठोकत बसलात तर बेअरिंग जातं. मग प्रोपेलर शाफ्ट सोडायचा आणि हौसिंगच्या पुढच्या बाजूचे नट काढले की डिफचा सेट पुढं निघतो. जिप्सीची ही मोठी सोय. सेट जड असतो, दोघं लागा.

माझी चूक इथली. कॅरियर काढण्याआधी बेअरिंग कॅप आणि अ‍ॅडजस्टर नट (कॅरियर डावी-उजवीकडं सरकवून सेटिंग धरणारे) यांच्यावर खुणा करतात, तशा मीही केल्या, पण खडूनं. नंतर सगळे भाग डिझेलनं स्वच्छ धुतले. खडू कुठला राहतो! कोणती कॅप डावी, अ‍ॅडजस्टर किती आत होता, काहीच कळेना. शेवटी सेट गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर जालन्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेला. त्यांनी आधी मला नीट बघून घेतलं, म्हणाले, “खडूनं खूण करायलास, शाळा भरवायलास का?” मग दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि क्राउन फिरवून दात कुठं टेकतोय ते बघत, गेजवर बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, धरत, पुन्हा बसवून दिला. हा बॅकलॅश मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचा खेळ, हाताच्या अंदाजानं जमत नाही. तुम्ही पंचनं खुणा करा, एका बाजूला एक टिंब, दुसऱ्या बाजूला दोन. अ‍ॅडजस्टर किती फिरवून निघाला तेही मोजून लिहून ठेवा.

लॉकरचे तुकडे बसवताना स्प्रिंग आणि पिना सुटून पडतात, त्या ग्रीस लावून चिकटवून धरायच्या. किटच्या कागदावर जो गॅप दिलाय तो फिलर गेजनं (पातळ पात्यांच्या मापानं) मोजा. तो बसत नसेल तर कॅरियर किंवा वॉशर झिजलंय, जबरदस्ती करू नका. क्राउनचे बोल्ट थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) लावून टॉर्क पान्यानंच आवळा. साइड शाफ्टची ऑइल सील नवीन घाला, एवढं उघडलंच आहे तर. तेल साधं ८०-९० गियर ऑइल, जीएल-५ दर्जाचं. शेवटी ब्रेकची हवा काढायची, कारण नळी सोडली होती.

गाडी खाली घेण्याआधी तपासा. दोन्ही मागची चाकं हवेत, इंजिन बंद, गाडी गियरमध्ये. एकानं डावं चाक पुढच्या दिशेनं दाबून धरायचं, दुसऱ्यानं उजवं मागं फिरवायचं. टक-टक करत फिरलं पाहिजे. मग उलट. दोघांनी एकाच दिशेला लावलं तर चाकं हलता कामा नयेत.

रस्त्यावर वळताना टकटक ऐकू येईल, ते बिघाड नाही. जिप्सी आखूड, त्यामुळं वळणात अ‍ॅक्सलरेटर एकदम सोडला की गाडी बाजूला ढकलल्यासारखी वाटते, घाटात पहिले काही दिवस सावकाश चालवा. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. आणि एक : मागचं एकच चाक जॅकवर उचलून गियर टाकायचा नाही. आता खालचं चाकही ओढणार आणि गाडी जॅकवरून उडी मारणार. पुढच्या अ‍ॅक्सलला असला आपोआप लागणारा लॉकर घालायचा विचारही करू नका, फोर बाय फोर टाकलं की स्टीअरिंग जड होतं आणि हातात राहत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, त्यामुळं आरटीओत आणि विमावाल्याकडं आधीच विचारून घ्या.

पहिलं तेल हजारेक किलोमीटरला काढा आणि थोडं तळहातावर घेऊन उन्हात बघा. राखाडी झाक दिसली तर चालतं. बोटाला टोचणारा कण लागला तर सेट परत खाली.