तो दिसायला हिरो, मग माझं खरं कोण मानणार?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल. तुम्ही ४८ वर्षांच्या, अकाउंट्सला, कंपनीत साठेक माणसं. नवीन मॅनेजर तुमच्याहून दहा वर्षांनी लहान, दिसायला एकदम हिरो, सगळ्यांचा लाडका. आधी कपड्यांचं कौतुक, मग फिगरवर कमेंट, मग रात्री अकरानंतर मेसेज, आणि बाहेरगावच्या ऑडिटला "रूमवर या ना, एकट्या झोपून काय करणार". तुम्ही सरळ नाही म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक कामात खोट निघायला लागली. एचआरच्या मॅडमना सांगायला गेलात तर त्या हसल्या, "अहो त्याच्यामागे पोरी लागतात, तो कशाला तुमच्या वाटेला जाईल?" आणि आता तुम्ही मला विचारताय की मी दिसायला काही खास नाही, तर केस कमजोर पडेल का.

पडणार नाही. पण तक्रारीचा जो मसुदा पाठवलाय ना, त्याचा पहिला पॅरा, "मी वयस्कर आहे, फार आकर्षकही नाही, तरीही", तो आधी खोडून टाका. छळाची तक्रार करताना स्वतःच्या चेहऱ्याचा खुलासा कोणी मागितलाय तुमच्याकडे?

एचआरच्या मॅडम वेगळ्या काही नाहीत, बहुतेकांची डोकी अशीच चालतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर ११ प्रयोगांचा एक मोठा अभ्यास छापला, त्यात हेच दिसलं की छळाची बळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तरुण, सुंदर, नाजूक बाई येते, आणि जी त्या चित्रात बसत नाही तिच्यावर विश्वास कमी बसतो, तिला कमी त्रास झाला असेल असंही धरलं जातं. बरं, सुंदर बाईचं तरी भलं होतं का, तर तेही नाही, तिने तक्रार केली की "तीच नटूनथटून येते" सुरू. आणि देखणा माणूस सज्जनही असणार हा समज तर फार जुना. म्हणजे काय, तुम्ही कशाही दिसा, ऐकणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं.

कायद्यात मात्र रूप हा शब्दच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा पॉश कायदा विचारतो की वागणं लैंगिक स्वरूपाचं होतं का आणि ते तुम्हाला नकोसं होतं का. अश्लील रोख असलेली कमेंट, शरीरसुखाची मागणी, दोन्ही त्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे. नकार दिल्यावर कामात त्रास देणं हेही कायद्याने ओळखलेलं आहे. शिवाय २०२१ च्या अपर्णा भट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशांनाच बजावलंय की बाईचे कपडे, वागणं यांवरून शेरे मारू नका.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी, जवळजवळ माफी मागत लिहिलंय ते. की सुरुवातीला त्याचं कौतुक ऐकून तुम्हाला बरं वाटलं होतं, दोन मेसेजना हसरी इमोजीही पाठवलीत, आणि मिस्टर म्हणाले "कुरूप असता तर तू पहिल्याच दिवशी ओरडली असतीस". असं बघा, मिस्टरांचं क्षणभर खरं धरलं तरी काही बिघडत नाही. कोणाचं बोलणं आवडावं, कोणाचं नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं, त्यात ढोंग कसलं? "देखण्याने केलं की फ्लर्टिंग, बाकीच्यांनी केलं की छळ" हा विनोद पुरुष फार आवडीने सांगतात, पण कायदा मुळात नकोसं होतं का एवढंच विचारतो, आणि कपड्यांची तारीफ आवडली म्हणजे रूमवर यायला होकार दिला असं कोण म्हणेल? इमोजी लपवू नका. तो स्क्रीनशॉट समोरचा आणणारच, त्याआधी तुम्हीच लिहा की अमुक तारखेपर्यंत मी सहज घेत होते, अमुक तारखेला फिगरवर कमेंट आली तेव्हापासून उत्तरं देणं बंद केलं, अमुक तारखेला तोंडावर नाही म्हटलं. माझ्या अनुभवात अशा प्रामाणिक टाइमलाइनने तक्रार मजबूतच होते.

अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीला फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते ते बघतात. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. नकारानंतर ज्या ज्या मेलमध्ये तुमच्या चुका काढल्यात ते आणि त्याआधीची तुमची अप्रेजल्स शेजारी शेजारी लावा, तो फरकच बोलतो. "खोटी ठरली तर माझ्यावरच कारवाई होईल" ही भीतीही सोडा, नुसतं सिद्ध झालं नाही म्हणून कारवाई होत नाही, हेतू दुष्ट होता हे वेगळं सिद्ध करावं लागतं. अप्रेजल त्याच्या हातात आहे ना, मग अर्जातच मागा की चौकशी संपेपर्यंत त्याने तुमच्या कामाचा रिपोर्ट लिहू नये, नियमांत ती सोय आहे. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. तडजोडीचा प्रस्ताव आला तर लक्षात ठेवा, ती फक्त तुम्ही म्हणालात तरच, आणि पैशावर नाहीच.

मी मात्र समितीपुढे तुमच्या बाजूने उभी राहू शकत नाही, तिथे वकील चालत नाहीत. पोलिसांत जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम ७५ आहे, तो रस्ता समांतर उघडाच आहे, पण घाईने एकदम दोन्हीकडे धावू नका.

घाई फक्त एका गोष्टीची करा. एचआरला तोंडी सांगितलं ती तक्रार नव्हे, तक्रार लेखी लागते आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. योग्य कारण दिलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते पण त्यावर विसंबू नका. शेवटचा मेसेज येऊन अडीच महिने झाले म्हणताय, म्हणजे हाती पंधराच दिवस. अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या नावाने सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. समितीच नाही असं उत्तर मिळालं तर तेही लेखी मागा, कारण दहा किंवा जास्त माणसं असूनही समिती नेमली नाही तर कंपनीला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि मग तो कागद घेऊन आपण जिल्हा अधिकाऱ्यांकडे जाऊ.