सांडपाणी गाळून सोडले तरी उन्हाळ्यात कृष्णेतील मासे का मरतात?

सांगलीतून विचारलेल्या या प्रश्नाचे मूळ 'गाळून' या शब्दातच आहे, कारण जाळी आणि निवळण टाकी यांनी कचरा व गाळ निघतो, परंतु सेंद्रिय भाराचा, म्हणजे जिवाणू खाऊ शकतील अशा घाणीचा, साधारण एक तृतीयांश भागच कमी होतो. विरघळलेला भाग जिवाणूंनी नदीत खाण्याऐवजी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील हवा खेळवलेल्या टाकीतच खावा, हे दुसऱ्या टप्प्याचे काम आहे. ते अपुरे राहिले, किंवा शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून पाणी थेट नदीत उतरले, तर पाण्यातला प्राणवायू जिवाणूच संपवतात आणि मासे गुदमरतात.

स्नानायोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. ३० मिलिग्रॅम बीओडीचे सांडपाणी या पातळीवर आणण्यासाठी त्याच्या नऊपट निर्मळ पाणी हवे. उन्हाळ्यात नेमका प्रवाह रोडावतो आणि कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून, माझ्या मते, केंद्राची क्षमता वाढवण्याआधी प्रत्येक नाला नदीपूर्वी अडवून केंद्राकडे वळवणे अधिक निकडीचे आहे. जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्यावर प्रक्रिया कशी होणार?