केळशी ते गुहागर: निघण्यापूर्वी

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

केळशीपासून गुहागरपर्यंत कोकणच्या किनाऱ्याने पायी जाण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. मात्र तुझ्या आखणीत रोज ३० किलोमीटर लिहिलेले आहेत आणि भरती-ओहोटीचा उल्लेख कोठेही नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

चालणे तुला आपल्या दर्यापूर तालुक्यातच शिकता येईल. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत गेलेल्या कोणालाही विचार. पहिले तीन दिवस पाय दुखतात आणि चौथ्या दिवसापासून चाल बसते, असेच तो सांगेल. तुझी वाट पाच दिवसांचीच असल्यामुळे ते दुखरे दिवस घरीच संपवून जा. आठ आठवडे आधीपासून दर शनिवारी आणि रविवारी, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, लागोपाठ चाल. रविवारची चाल शनिवारपेक्षा अधिक शिकवते. अधूनमधून अर्धा तास नांगरलेल्या वावरातूनही चाल, म्हणजे कोरड्या वाळूत पोटऱ्या कशा भरून येतात याची कल्पना येईल.

पण समुद्र इथे शिकता येत नाही. आपल्या खारपाणपट्ट्याने आपल्याला खाऱ्या पाण्याची ओळख दिली, तरी ते पाणी विहिरीत स्थिर असते. किनाऱ्यावर चालण्याजोगी घट्ट, ओली वाळू ओहोटीतच उघडी पडते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून ती वेळ काढतात: चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे अंदाजे तीन वाजता भरती पूर्ण होते, आणि तिच्या सव्वासहा तास आधी व नंतर पूर्ण ओहोटी असते. या हिशेबाने द्वितीया ते षष्ठी हे पाच दिवस तुला सर्वांत सोयीचे आहेत, कारण तेव्हा ओहोटी सकाळी साधारण सव्वासात ते सव्वादहाच्या दरम्यान येते. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू असल्यामुळे महिन्यातून दोनदा संधी मिळते. हा अंदाजच आहे. नेमकी वेळ रोज मुक्कामाच्या गावातल्या कोळ्यांना विचारूनच निघ.

मी स्वतः असा किनाऱ्याने चाललो होतो, तेव्हा ही वेळ विचारली नव्हती. दोन पुळणींच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांच्या, मधल्या खडकाळ टोकाशी दुपारी पोचलो, तेव्हा पुढची वाट पाण्याखाली होती आणि थोड्याच वेळात मागचीही गेली. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाणारी पायवाट एका कोळ्याने दाखवली नसती तर काय झाले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. म्हणून प्रत्येक टोकासाठी वरून जाणारी वाट आदल्या संध्याकाळीच विचारून ठेव. खाडीच्या मुखातून चालत उतरण्याचा मोह तर कधीच धरू नकोस, पाणी गुडघ्याएवढे दिसले तरीही. तळाशी चिखल असतो आणि ओढ दिसत नाही. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे, तिनेच पलीकडे जा. तेवढे अंतर पायी झाले नाही म्हणून तुझा संकल्प अपुरा ठरत नाही.

रोजचे अंतर १५ ते १८ किलोमीटर ठेव. तुला ४५ अंशांचा उन्हाळा ठाऊक आहे, त्यामुळे डिसेंबरातले कोकण सोपे वाटेल. परंतु तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता मीठ-साखर घातलेले पाणी घेत राहा. बूट थोडे सैल घे आणि मोज्यात वाळू शिरताच थांबून झटक, कारण फोड तिथूनच सुरू होतात. पिशवी ६ किलोंच्या आत असावी. बाकीचे सामान तुझी आई माझ्यापेक्षा नीट भरून देईल.

दिनदर्शिकेत डिसेंबरातली द्वितीया पाहून निघण्याची तारीख मला कळव. गाडीचे आरक्षण त्यानंतरच करू.

तुझा,
काका