पहिल्यांदा उठून बोलताना

गड्या, दारू सोडणाऱ्यांच्या रविवारच्या मीटिंगमध्ये बोलायचंय म्हणून भाषण पाठ करायलास म्हणे? नको करू. पाठ केलेलं दुसऱ्या वाक्याला विसरतं.

मी पहिल्यांदा बोललो तेव्हा हातभट्टीचं वर्णन असं रंगवलं की समोरच्या दोन नव्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं. आजही लाज वाटते. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे घेऊन मोंढ्यातून निघालास अन् घरी रिकाम्या खिशानं पोचलास, लेकरू दारात उभं होतं, एवढं सांग. पुरे.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात शेअर बाजारातला बिल नावाचा माणूस धंद्यात आपटला. पुन्हा प्यावंसं वाटलं, तेव्हा त्यानं पिणाऱ्या डॉक्टर बॉबला गाठलं. उपदेश न करता स्वतःचीच कहाणी सांगितली. त्यातून दारू सोडणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. म्हणून 'तुम्ही सोडा' म्हणू नकोस, 'मी' म्हण.

नाव फक्त पहिलं सांग, आडनाव नको. आपल्या परभणीत आडनाव काढलं की पाहुणा निघतोच! अन् वहिनींच्या गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय बोलू नकोस, त्या त्यांच्या आहेत.

मीटिंगनंतर कुणी 'उद्यापासून एकदम बंद करतो' म्हणालं, तर आधी डॉक्टरकडं पाठव. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेततं. तिथं आपली हुशारी नको.

रडू आलं तर थांब, पाणी पी. मी मागच्याच खुर्चीवर असेन.