दिवेआगरच्या भावाने स्विमिंग पूल बांधावा का?

प्रश्न: माझा मावसभाऊ दिवेआगरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवतो. 2020 मध्ये आधी लॉकडाऊन, मग 3 जूनला निसर्ग वादळ, नारळ-सुपारीची वाडी आडवी झाली. आता गिऱ्हाईक फक्त लाँग वीकेंडलाच. लोन काढून स्विमिंग पूल बांधू म्हणतोय. काय सांगू त्याला? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, लोन नको, आत्ता तर अजिबात नको. वाडी होती तोवर पर्यटन हा वरचा पैसा होता, सुपारीचं झाड नव्याने लावलं की धरायला बरीच वर्षं जातात, म्हणजे सगळा भार खोल्यांवर आलाय आणि त्यात हप्ता डोक्यावर घेतला तर एक पावसाळा गिऱ्हाइकाविना गेला तरी माणूस घाबराघुबरा होतो.

रिकामे असतात ते मधले वार, आणि आपल्या पुण्यात मंगळवार-बुधवारी निघू शकणारी रिटायर्ड मंडळी भरपूर आहेत की! हास्यक्लब, भिशी, सोसायटीचे ग्रुप, त्यांना ताम्हिणीतून थेट जाता येतं. तुम्हीच इथून फोन फिरवा, त्यांना पूल नको असतो, तळमजल्याची खोली, कमोड आणि वेळेवर गरम जेवण हवं असतं.

वेळासचं बघा, बाणकोट खाडीपलीकडे. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला फेब्रुवारी ते एप्रिल लोक येतात, गावातल्या घरांतच राहतात, तिथेच जेवतात, पैसा गावात राहतो. मोठं हॉटेल कुणाला लागलं नाही. दिवेआगरलाही कासवं येतात, पण गावाने मिळून ठरवायला हवं. आणि रेट पाडू नका म्हणावं, एकाने पाडला की शेजाऱ्यालाही पाडावा लागतो.